अजून ओलंच आहे

“वाळलंय, बाबा. दगड झालाय त्याचा. हे बघा!” मुलानं गुडघ्यावर बसून दोन टाइल्समधल्या सांध्यात नख खुपसून दाखवलं. नख वाकलं. सांध्यावर साधा ओरखडाही उठला नाही.

वडील आपल्या खोलीच्या दारात काठी टेकून उभे होते. त्यांनी वाकून पाहिल्यासारखं केलं. “तिकडे खिडकीपाशी ओलसर दिसतंय,” ते म्हणाले. “राहू दे. आजच्या दिवस आतच घेतो चहा.”

मुलाचं डोकं फिरलं. आजच्या दिवस! कालही तेच. काल सकाळी म्हणाले, घाई नको. संध्याकाळी म्हणाले, हवा दमट आहे. आज खणखणीत वाळलेल्या फरशीवर त्यांना खिडकीपाशी ओल दिसायला लागली.

हॉलमध्ये नव्या टाइल्स बसल्या तेव्हा सांधे भरायचं काम त्यानं हौसेनं स्वतःकडे ठेवलं होतं. “त्यात काय, पीठ कालवायचं नि फासायचं,” असं बायकोला ऐकवलंही होतं. ग्राउटचा पुडा मग माळ्यावर धूळ खात पडला. तो खाली यायला वडील पडावे लागले. करंगळी जाईल एवढ्या त्या फटींपैकी एकीत काठीचं टोक अडकलं आणि ते आडवे झाले. हाड मोडलं नाही, पण तेव्हापासून त्यांनी खोलीबाहेर पाऊल टाकलं नव्हतं. रोज खिडकीपाशी बसून रस्ता बघत चहा पिणारा माणूस आता पलंगावर बसून भिंत बघत चहा पीत होता. चालले नाहीत तर पाय कायमचे जातील, असं डॉक्टरांनी बजावून सांगितलं होतं.

म्हणून मुलानं रजा टाकून सांधे भरले. जास्तीचा माल वेळेवर पुसायचं राहिलं, निम्म्या टाइल्सवर पांढुरका थर बसला, तो खरवडताना बोटांची सालं निघाली. एवढं सगळं ज्यांच्यासाठी केलं ते दार सोडायला तयार नव्हते.

“हे बघा!” तो उठला आणि हॉलच्या मधोमध धपाधप उड्या मारू लागला. “निघतंय का काही? दिसतंय का कुठे ओलं?”

“खालचे लोक वर येतील,” बायको चहाचा कप घेऊन स्वयंपाकघरातून बाहेर येत म्हणाली.

“येऊ देत! त्यांनाच विचारू वाळलंय की नाही! फटी बुजवल्या, काठीला नवं रबर बसवून आणलं, आता आणखी काय करू? पायघड्या घालू?”

वडिलांनी मान खाली घातली. “तू एवढं केलंस,” ते म्हणाले, “माझ्या पायानं खराब नको व्हायला.”

“सिमेंट आहे ते, बाबा! खराब काय व्हायचंय त्यात?”

वडिलांनी एक पाय दाराबाहेर काढला. तो टाइलला टेकला आणि चटका बसावा तसा आत गेला. मुलगा तेव्हा छताकडे बघून हात जोडत होता, त्यामुळे त्याला हे दिसलं नाही. सुनेला दिसलं.

तिनं कप खिडकीपाशी ठेवला आणि ती दाराकडे निघाली. “बाबांचं बरोबर आहे,” ती म्हणाली. “अजून ओलंच आहे.”

“काय?” मुलगा ओरडला.

“तू गप्प बस. तुला त्यातलं कळत असतं तर वेळेवर पुसलं असतंस.” तिनं सासऱ्यांपुढे हात केला. “पण बाबा, ओल्यावरून एकट्यानं यायचं नाही. मला धरा. सांध्यावर पाय द्यायचा नाही, टाइलच्या मधोमध टाकायचा. सावकाश.”

सासऱ्यांनी तिच्याकडे पाहिलं. मग फरशीकडे पाहिलं. काठी डाव्या हातात घेऊन त्यांनी उजव्या हातानं तिचं मनगट घट्ट धरलं.

पहिली टाइल. दुसरी. तिसरीवर ते दम खायला थांबले. तीही थांबली. मनगट दुखत होतं, पण तिनं ते हलवलं नाही.

“जपून गं,” चौथ्या टाइलवर सासरेच तिला म्हणाले. “तुझी टाच लागतेय सांध्याला.”

“हो बाबा.”

मुलगा अजून हॉलच्या मधोमध उभा होता. वडील त्याच्यापर्यंत आले. त्यांनी काठी उचलून त्याच्या पायांकडे रोखली.

“अरे, कुठे उभा आहेस बघ जरा!”

मुलानं खाली पाहिलं. मग हळूच, अगदी अलगद, त्यानं सांध्यावरचा पाय उचलला.