जन्म शहरातलाच हवा

स्मरणिका समितीचं काम बघणाऱ्या ईशानं वाचनालयाच्या टेबलावर यादी पसरली आणि पेनाचं टोपण काढून लवूकाकांच्या हातात दिलं. वाचनालयाच्या शताब्दीच्या स्मरणिकेतलं ‘रत्नागिरीचे मानकरी’ हे प्रकरण आज छापखान्यात जायचं होतं. चाळीस नावं. कुणी वैद्य, कुणी कीर्तनकार, कुणी गलबतं बांधणारा. तहसील कचेरीतून निवृत्त झाल्यावर काकांनी दहा वर्षं घरोघर हिंडून त्यातली एक सोडून सगळी जमवली होती.

एकोणचाळीस नावांवर त्यांचा जीव होता. चाळिसावं, कॅप्टन विनोद भाटकर, समितीनं घातलेलं. ते पाहिल्यापासून काकांच्या पोटात दुखत होतं.

दुखणं जुनंच. दोघं शाळेत एका बाकावरचे. विनोद जहाजावर गेला, पांढऱ्याशुभ्र गणवेशात सुट्टीवर येऊ लागला. लवू कचेरीत चिकटला. तेही एक वेळ चाललं असतं. पण लवूचे वडील, मिरकरवाड्याच्या खलाशांना तीस वर्षं फुकट लिहायला-वाचायला शिकवणारे बाबू मास्तर, मरेपर्यंत पोटच्या पोराला सांगत राहिले, “विनोदकडे बघ जरा.”

म्हणून मागच्या बैठकीत काकांनी अगदी साळसूदपणे एक नियम सुचवला, की मानकऱ्याचा जन्म शहरातलाच हवा. विनोद घरात थोरला, त्याच्या आईचं माहेर दाभोळ, आणि पहिलं बाळंतपण माहेरी, हे काय कुणाला सांगायला हवं? समितीनं माना डोलावल्या.

“कॅप्टन बाद,” ईशा म्हणाली. “विचारलं मी त्यांना. जन्म दाभोळचाच.”

काकांनी रेघ मारली. पट्टी लावल्यासारखी सरळ आली. कित्येक वर्षांत इतकं बरं वाटलं नव्हतं.

ईशा मात्र उठेना. तिनं आणखी एक कागद पुढे सरकवला. अक्षर काकांचंच होतं. पहिलीच ओळ: ‘बाबू मास्तरांचा जन्म आजोळी, गुहागरास झाला.’

काकांनी ती ओळ पुन्हा वाचली. दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ काढायला गेले आणि आपलं मुसळ विसरले. वडील, म्हणजे त्यांचे अण्णा, तेही थोरलेच की. पण अण्णा रत्नागिरीचे नव्हेत, हे त्यांच्या स्वप्नातही आलं नव्हतं. अण्णांच्या नावाची ना गल्ली, ना पाटी. हे एक पान तेवढं होणार होतं, आणि ते काकांनी अकरा वेळा लिहून काढलं होतं.

ईशानं हळूच सुचवलं, नियम काकांनी घातलाय तर काकांनीच मागे घ्यावा, समितीत कुणी चकार शब्द काढणार नाही.

“म्हणजे मास्तर राहतील, काका. आणि कॅप्टनही राहतील.”

काका पेन बोटांत फिरवत बसले. खाली रस्त्यावर रिक्षावाले भाड्यावरून भांडत होते. ते भांडण मिटलं तरी काका बसूनच होते.

“नियम तो नियम,” शेवटी ते म्हणाले, आणि वडिलांच्या नावावर रेघ मारली. ही काही सरळ आली नाही.

 ईशानं फाइलमधून मास्तरांचा फोटो काढून परत दिला. काकांनीच आणून दिलेला, एका बाजूनं कात्रीनं कापलेला. मास्तर त्यात कधी नव्हे ते मनमोकळं हसत होते. त्यांचा हात कुणाच्या तरी खांद्यावर होता. पांढरा गणवेश, त्यावर सोनेरी पट्टी, आणि तिथंच फोटो संपत होता.

“हे कोण हो, काका?”

“असेल कुणीतरी,” काका म्हणाले. त्या खांद्यावर अंगठा दाबूनच त्यांनी फोटो खिशात घातला.