सकाळची एक रिंग

सव्वासात वाजून गेले तरी अण्णांचा मिस्ड कॉल आला नव्हता. रोज सातच्या ठोक्याला चिपळूणहून एक रिंग यायची आणि तुटायची. म्हणजे वडील उठले, चहा झाला, सगळं ठीक. मग पुण्याहून मृण्मयीही एक रिंग द्यायची. बोलायची गरजच पडत नसे.

आज तिने चारदा फोन लावला, पण उचलला गेला नाही. ब्याऐंशी वर्षांचा एकटा माणूस! तिने अण्णांच्या शेजारच्या करमरकरकाकूंना फोन करून तिकडे पिटाळलं.

काकूंनी तिथे जाऊन आपल्या मोबाइलवरून व्हिडिओ कॉल केला. अण्णा धडधाकट होते. रोज रिंग द्यायच्या टॅबच्या काचेवर एकाच जागी बोट दाबत बसले होते.

"अगं, इथे तुझा फोटो होता, तो गेला. रिंगही वाजली नाही. मला वाटलं, तुझंच काही बरंवाईट झालं."

एकट्या वृद्धांसाठीचा हा टॅब मृण्मयीच्याच टीमने बनवला होता. म्हाताऱ्यांचा गोंधळ नको, म्हणून तीन महिने ज्याच्याशी बोलणं नाही ते नाव टॅब आपणहून काढून टाकायचा आणि त्या नंबरची रिंगही बंद करायचा. मीटिंगमध्ये एकाने शंका काढली, तेव्हा "बोलतच नाहीत, तर नाव हवंय कशाला?" असं म्हणून तिनेच त्याला गप्प केलं होतं.

"अण्णा, बाकीची नावं आहेत का?" तिने कसंबसं विचारलं.

"आहेत ना. दूधवाला आहे, गॅसवाला आहे. ती विमा विकणारी बाईसुद्धा आहे, बोलते बिचारी अर्धा अर्धा तास. तूच तेवढी नाहीस."