लाल मिरचीचे हिरवे झाकण

कुलूपवाल्याने तापल्या तव्यावर सुक्या मिरच्या टाकल्या आणि तो बायकोच्या शिंकेची प्रतीक्षा करू लागला.

ती टेबलापाशी बसून फ्लॉवर किसत होती. इस्पितळातून ती कालच घरी परतली होती. भात, पाव, बटाटा या सर्वांस डॉक्टरांनी मज्जाव केलेला. म्हणून भाताच्या जागी फ्लॉवर घालून मेक्सिकन पद्धतीच्या भरल्या ढोबळ्या मिरच्या करण्याचे त्याने योजिले होते. खिमा शिजला होता, चीज किसून तयार होते. मात्र ही पाककृती निवडताना त्याचे सारे लक्ष होते ते मिरच्या भाजण्याकडे. लग्न झाल्यापासून घरात मिरची भाजली की ती शिंकांनी बेजार होई आणि कडाडे, "जीव घेता का माझा? उघडा आधी ती खिडकी!"

कालपासून चेहरा तोच होता, आवाज तोच होता, डावा पाय किंचित ओढत चालणेही तेच होते. तरी त्याच्या मनात पाल चुकचुकत होती. नकली किल्ली कुलपात सुखाने फिरते, परंतु चिमटीला काहीतरी परके लागते. काल जिना चढताना तिचा हात धरला, तेव्हा तसेच काहीसे लागले होते.

मिरच्या करपल्या. त्याच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागले, ठसक्याने प्राण कंठाशी आले. ती शांतपणे किसत राहिली.

"अगं, तुला ठसका नाही लागत?"

"कशाचा? अहो, सरका तिथून. मी घरी आले, तर आता तुम्ही इस्पितळात भरती व्हाल, आणि डबे मला पोचवावे लागतील!"

थट्टाही तिचीच. त्याला हायसे वाटले. एवढी औषधे पोटात गेली, वास कळेनासा झाला असेल, अशी त्याने मनाची समजूत घातली आणि वाटलेल्या मिरच्या, फ्लॉवर, चीज खिम्यात कालवले. लाल आणि हिरव्या ढोबळ्यांची देठाकडील झाकणे त्याने आधीच वाकडीतिकडी कापून ठेवली होती. ही धंद्याची खोड. एकीचे झाकण दुसरीस बसता कामा नये. तो सारण भरू लागला, ती झाकणे लावू लागली.

तोच बाहेर जिन्यात कोणीतरी शिंकले. पुन्हा शिंकले. तदनंतर बंद दाराला अगदी लागून एक दमलेला, चिडका स्वर आला, "जीव घेता का माझा? उघडा आधी!"

हातातला चमचा तिथेच टाकून तो दाराकडे धावला. त्याचा हात कडीवर पडला.

"अहो."

त्याने वळून पाहिले. तिने लाल मिरचीवर हिरवे झाकण ठेवले आणि अंगठ्याने हळूच दाबले. ते तंतोतंत बसले. फट म्हणून कोठे उरली नाही.

"बसलं ना नीट?" ती मायेने म्हणाली. "मग राहू द्या आता."

कडीवर हात ठेवून तो तसाच उभा राहिला. पुढची शिंक जिन्याच्या पार तळातून आली.