बाण नसलेला चष्मा

दत्तोबा काकडे चष्म्यातून स्वतःचीच पाठ बघत मिरजेच्या गल्ल्यांतून चालले होते. जणू डोक्यामागं दोन हात उंचावर कुणी कॅमेरा धरला होता. पस्तीस वर्षं याच गल्ल्यांत टपाल वाटलेल्या या माणसाला मेंदूला झटका आल्यापासून घरातली मोरीसुद्धा सापडत नव्हती. आज मित्राच्या घरी एकटे पोचले नाहीत, तर पुन्हा एकट्यानं बाहेर पडायचं नाही, असं मुलानं बजावलं होतं.

चष्मा सुनेनं, यामिनीनं बनवला होता. पूर्वी ती व्हिडिओ गेमच्या लेव्हल, म्हणजे खेळातले टप्पे, रचायची; गेममधल्या पात्रासारखेच दत्तोबा चष्म्यात स्वतःला मागून दिसत, आणि तो मागचा कॅमेरा खरा नव्हता, चष्म्यानंच रचलेला होता. चष्म्यातलं दृश्य तिला घरी पडद्यावर दिसत होतं. वळण येण्याआधीच कॅमेरा हलकेच तिकडं कलायचा आणि योग्य गल्लीतलं ऊन किंचित पिवळं व्हायचं. रस्ता दाखवणारा बाण मात्र कुठंच नव्हता.

"अगं, बाण टाक की!" नवरा म्हणाला. "बाबा थांबलेत."

"चुकले नाहीत ते. बघ ना."

दत्तोबा प्रत्येक दारापाशी क्षणभर थांबत होते, पत्र टाकल्यासारखे. यामिनीनं फक्त कॅमेरा थोडा उंच केला. पुढचा चौक दिसताच ते झपझप निघाले.

थोड्या वेळानं फोन आला. "पोचलो गं! पण तुझा चष्मा बिघडलाय. एकदाही रस्ता दाखवला नाही त्यानं. सगळं माझं मीच शोधलं."

नवरा काही बोलणार, तोच यामिनीनं त्याचा हात घट्ट दाबला.

"असू दे, बाबा," ती म्हणाली. "येतानाही तसाच घालून या."