काविळीचा पाला

झाडाचं नाव फोडलं की औषधाचा गुण जातो, ही सासूची शिकवण. म्हणून खारेपाटातल्या सोनूबाईने काविळीचा पाला चाळीस वर्षांत कुणाच्या नजरेला पडू दिला नव्हता. रोग्याने डोळे मिटायचे, आ करायचा आणि ती भरवेल ते गिळायचं. विद्यापीठातले डॉक्टर टिपणीस संशोधनासाठी तीनदा आले आणि हात हलवत परत गेले. चौथ्यांदा दारात उभे राहिले, तेव्हा मात्र म्हातारीने घरामागून पाल्याची जुडी आणून निमूट त्यांच्या हातात ठेवली.

दोन वर्षांनी टिपणीस शाल-श्रीफळ घेऊन आले. देवळासमोर मांडव पडला. "आजींच्या पाल्यात सतरा मायक्रोआरएनए सापडले!" ते माईकवरून म्हणाले. "उकळले तरी टिकतात, पोटातून थेट यकृतात जातात आणि तिथल्या जनुकांना वठणीवर आणतात!" गावाने टाळ्या वाजवल्या. सोनूबाईचा फोटो छापलेल्या कॅप्सूलच्या बाटल्या हातोहात खपल्या.

मांडव रिकामा झाल्यावर टिपणीस एकटेच तिच्या पडवीत आले आणि त्यांनी काळा चष्मा काढला. डोळे हळदीसारखे पिवळे झाले होते.

"आजी, महिनाभर याच कॅप्सूल घेतोय. उतार नाही."

सोनूबाई परसात गेली आणि मूठ झाकून परतली.

"डोले मीट, बाला, आनि आ कर," ती म्हणाली. "मागचे टायमाला तू न्हेलास तो पाला आमचे शेलीचा व्हता."