शिशाची चार अक्षरं

माझ्या शाळेतल्या मैत्रिणीचा दीर निवडणुकीचा परचा छापायला औरंगपुऱ्यातल्या आमच्या प्रेसमध्ये आला, मागोमाग तीही आली. वॉर्ड बायकांसाठी राखीव, उमेदवार ती. कागदावर मात्र नवऱ्याचा फोटो आणि खाली ‘अकबरखान यांच्या पत्नी’. “हिचं नाव कुठाय?” मी विचारलं. “वोटिंग मशीनपे आताच है ना, परचेपे कायकू?” दीर म्हणाला. “हम पठानों में औरत का नाम गली-गली नहीं बाँटते.” हेच मी तीस वर्षांपूर्वी तिच्या अब्बांकडून याच टेबलापाशी ऐकलं होतं. शाळेत कर्कटकानं बाकावर आपलं नाव कोरणारी ही पोरगी. तिच्या लग्नपत्रिकेत ते मी हौसेनं छपाईच्या शिशाच्या खिळ्यांनी जुळवलं होतं. अब्बांनी ते काढायला लावून ‘खानसाहेबांची मुलगी’ एवढंच छापून घेतलं. मी खण उघडला. दोऱ्यानं बांधलेले ते खिळे माझ्या वडिलांनी, अण्णांनी, ठेवले तसेच होते. “झ कायम कमी पडायचा,” मी तिला म्हणाले, “तरी अण्णांनी तुझे खिळे दुसऱ्या कुणाच्या नावाला लावू दिले नाय.” तिनं ते तळहातावर घेतले, उलट्या अक्षरांवरून बोट फिरवत राहिली. मग स्टॅम्पपॅडवर टेकवून नवऱ्याच्या फोटोवरच दाबले. दिरानं कागद डोळ्यांजवळ नेला आणि पुसट अक्षरं जुळवत मोठ्यानं वाचली, “झरमीना.” इतकी वर्षं त्यानं तिला भाभीच म्हटलं होतं. ती त्याच्याकडे बघत होती. “फिरसे बोल,” ती म्हणाली.