हसण्याची एकच तऱ्हा

ॲनिमेशनच्या धंद्यातल्या दोन हाडवैरी सॉफ्टवेअर कंपन्या सकाळी एक झाल्या. ‘दोन्हीकडच्या चेहऱ्यांच्या हसण्याच्या तऱ्हा मिळून एकच ठेवू?’ असं स्टुडिओतल्या पडद्यावर आलं, तेव्हा कामाच्या घाईत हेमांगीनं नेहमीसारखं न वाचताच ‘हो’ दाबलं.

दुपारी आईचा व्हिडिओ कॉल आला. हल्ली कॉलवरचे चेहरेही तेच सॉफ्टवेअर रेखाटायचं. शेजारणीची फजिती सांगताना आई मान मागे टाकून, सगळे दात दाखवत हसली. जन्मात ती अशी हसली नव्हती.

“आई, आज तोंडाला पदर नाही लावलास?”

“अगं, लावलाय की! दिसत नाही का तुला?”

हेमांगी ओठ मिटूनच कसंनुसं हसली. कोपऱ्यातल्या छोट्या चौकटीत तिचा स्वतःचा चेहरा मान मागे टाकून, सगळे दात दाखवत हसत होता.